नवख्याने टॉरचा सर्व्हर चालवावा काय?

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "सर, मला टॉरचा सर्व्हर चालवायचा आहे. एक्झिटचा. खोलीवर नेट आहे, जुना लॅपटॉप आहे. चालवू का?" मी राज्यशास्त्र शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. पण असा एक सर्व्हर मी स्वतः चालवला आहे आणि त्यात एक मोठी चूकही केली आहे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो माझ्याकडे आला. त्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणालो, "खोलीवर नको. बाकीचे उद्या बोलू." ते बाकीचे येथे सविस्तर मांडतो आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही.

१

प्रथम, ही वस्तू आहे तरी काय? आपण संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा दोघांना आपली माहिती होते. आपण कोठे गेलो हे नेट पुरवणाऱ्या कंपनीला कळते, आणि आपण कोठून आलो हे त्या संकेतस्थळाला कळते. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कोणाशी बोलले ही नोंद राहतेच. पुष्कळदा मजकुरापेक्षा ही नोंदच अधिक बोलते. एखादी बाई रात्री एक वाजता वकिलाच्या आणि मग महिला आश्रयगृहाच्या पानावर गेली, एवढे कळले तरी पुरते. ती काय वाचत होती हे विचारायची गरज उरत नाही.

ह्यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत एक पद्धत तयार झाली. निरोप एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरे तिसऱ्यात घालायचे. पहिला टपालवाला वरचे पाकीट फोडतो. त्याला फक्त दुसऱ्याचा पत्ता दिसतो. दुसरा पुढचे फोडतो. त्याला तिसऱ्याचा पत्ता दिसतो. तिसरा शेवटचे पाकीट फोडून निरोप मुक्कामी पोचवतो. पाठवणारा कोण हे पहिल्याला माहीत, पण निरोप कोणाला हे नाही. निरोप कोणाला हे तिसऱ्याला माहीत, पण पाठवणारा कोण हे नाही. मधल्याला दोन्ही माहीत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांवरून ह्या पद्धतीला नाव पडले. २००२ साली त्यातूनच टॉर सुरू झाले, आणि २००६ साली ते सांभाळण्यासाठी टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

हे टपालवाले म्हणजे जगभर पसरलेले काही हजार सर्व्हर. त्यांना रिले म्हणतात. ते टॉर प्रोजेक्टच्या मालकीचे नसतात. स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवतात. पहिल्या जागी बसणाऱ्या रिलेला गार्ड म्हणतात, मधल्याला मधला रिले आणि शेवटच्याला एक्झिट. ह्याशिवाय ब्रिज असतात. रिलेंची यादी जाहीर असल्यामुळे चीन, इराण, रशिया ह्यांसारखी सरकारे ती पाहून सरसकट अडवू शकतात. ब्रिज त्या जाहीर यादीत नसतात, म्हणून अडवलेल्या माणसाला ते मागच्या दारासारखे उपयोगी पडतात.

येथे एक आक्षेप हमखास येतो : ज्या पद्धतीचा जन्म अमेरिकी नौदलात झाला आणि जिच्या खर्चात अमेरिकी सरकारच्या पैशाचा वाटा दीर्घकाळ मोठा राहिला, तिच्यावर आपण विश्वास का ठेवावा? आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की विश्वास नौदलावर ठेवायचा नाही. टॉरची आज्ञावली उघडी आहे, कोणीही वाचू शकतो. आणि रचनाच अशी आहे की एकट्या टपालवाल्याच्या हाती पूर्ण माहिती पडू नये. पण ही रचना तेव्हाच टिकते, जेव्हा टपालवाले पुष्कळ असतात, निरनिराळ्या हातांत असतात आणि निरनिराळ्या देशांत असतात. रिलेंचा मोठा वाटा आज जर्मनी, अमेरिका आणि युरोपातील आणखी काही देशांत आहे. आशिया-आफ्रिकेत ते थोडे. म्हणजे नवख्याने सर्व्हर चालवावा काय हा प्रश्न तांत्रिक हौसेचा नाही. ज्या साधनावर जगातील पत्रकार, कार्यकर्ते आणि छळ सोसणाऱ्या स्त्रिया विसंबून आहेत, ते कोणाच्या हाती असावे, असा तो प्रश्न आहे.

२

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळकरी वयात वस्तीतली निम्मी पत्रे माझ्याकडून वाचून घेतली जात. मुंबईहून आलेली मनिऑर्डर, सासरहून आलेले मुलीचे पत्र, बँकेची नोटीस. कोणाचे किती कर्ज आहे, कोणाची लेक परत यायचे म्हणते आहे, हे मला माहीत असे. वाचून झाल्यावर विसरायचे, ही शिकवण आईची. हे आठवण्याचे कारण असे की एक्झिट चालवणाऱ्याची जागा नेमकी ही आहे. शेवटचे पाकीट तो फोडतो. आतला मजकूर संकेतस्थळाच्या कुलपात नसेल तर तो त्याला वाचता येतो.

हा धोका कल्पनेतला नाही. २००७ साली स्वीडनमधील एका संगणक-सुरक्षा सल्लागाराने पाच एक्झिट चालवून त्यांतून जाणारी टपालखाती आणि त्यांचे परवलीचे शब्द टिपले आणि शंभर खात्यांची यादी जाहीर केली. त्यांत अनेक देशांच्या वकिलातींची खाती होती. भारतीय वकिलातींचीही होती. वापरणाऱ्यांनी टॉर म्हणजे मजकुराचे कुलूप असे धरले होते. ते तसे नाही. टॉर माणूस लपवते. मजकुराचे कुलूप वेगळे लावावे लागते. आज बहुतेक संकेतस्थळांवर ते असते, तेव्हा फारशा ठिकाणी नव्हते.

२०१४ साली त्याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. त्या वर्षीच्या ३० जानेवारीला सुमारे ११५ रिले जाळ्यात शिरले होते आणि वापरणाऱ्यांची ओळख उघडी पाडण्याचा प्रयत्न करीत होते. ४ जुलैला ते काढून टाकले गेले. पाच महिने ते चांगल्या टपालवाल्यांच्या पंक्तीत बसले होते. तेव्हा नवख्याला दूर ठेवा असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो : हे ११५ रिले नवख्यांनी चालवले होते काय? जाळ्याला खरी भीती जाणत्या पण दुष्ट माणसाची आहे. आणि प्रामाणिक माणसांची संख्या वाढते तेव्हाच त्याचा वाटा कमी होतो. नवखेपणा हा दोष नाही. बेफिकिरी हा दोष आहे.

३

बेफिकिरीचे उदाहरण माझेच देतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीकडून छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर मधला रिले सुरू केला. पहिले काही दिवस त्यावर जवळजवळ काहीच रहदारी आली नाही. मला वाटले, काही चुकले. चुकले काही नव्हते. नव्या रिलेवर जाळे लगेच भरवसा टाकत नाही. त्याचा वेग आधी मोजला जातो, भार हळूहळू वाढवला जातो. साधारण आठवडाभर नीट चालला तर तो गार्ड होण्याच्या पात्रतेला येतो, आणि भार स्थिरावायला दोन महिने तरी लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ नवखे चौथ्याच दिवशी कंटाळून बंद करतात.

मी बंद केला नाही. त्याहून वाईट केले : विसरलो. परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, नॅकची कागदपत्रे आली. पाच महिने मी त्या सर्व्हरकडे पाहिले नाही. त्यावरची टॉरची आवृत्ती जुनी झाली, तिला सुधारणा मिळणे बंद झाले, आणि एके दिवशी पाहतो तो माझा रिले यादीतून गायब. जुन्या आवृत्तीचे रिले जाळ्याच्या यादीत ठेवले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण तोपर्यंतच्या दिवसांत अनोळखी माणसांची पाकिटे माझ्या राखण नसलेल्या घरातून जात होती. कोणी आत शिरले होते काय, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वस्तीतली पत्रे मी इतक्या निष्काळजीपणे कधी हाताळली नव्हती. कारण तेथे माणसे समोर दिसत.

म्हणून पहिली कसोटी बुद्धीची नाही, सवयीची आहे. आठवड्यातून अर्धा तास, न चुकता, वर्षभर देता येईल काय? सुधारणा आपोआप बसतील अशी सोय करता येईल काय? परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीच्या फाइलने सर्व्हरवर जाणे, नको असलेली दारे बंद ठेवणे, रिलेच्या ओळखीच्या किल्ल्यांची प्रत वेगळी ठेवणे, संपर्काचा चालू पत्ता नोंदवणे, आणि एकाहून अधिक रिले चालवत असल्यास ते एकाच कुटुंबातले आहेत असे जाहीर करणे, म्हणजे एकाच माणसाची दोन पाकिटे एका रांगेत येणार नाहीत : एवढे शिकायला महिना-दोन महिने लागतात. हे शिकता येते. आपल्यापैकी कित्येकांनी याहून अवघड गोष्टी कोणी शिकवणारा नसताना शिकल्या आहेत.

दुसरी कसोटी खर्चाची. मधल्या रिलेसाठी जाता-येता दोन्ही बाजूंनी सेकंदाला किमान १० मेगाबिट वेग आणि ५१२ मेगाबाइट स्मृती लागते. हिशेब करून पाहावा : सेकंदाला १ मेगाबाइट इतकीच रहदारी सतत चालली तर दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट आणि महिन्याला अडीच हजार गिगाबाइटहून अधिक होते, तीही प्रत्येक बाजूने. भाड्याच्या सर्व्हरला मासिक मर्यादा असेल तर आधीच ती टॉरला नेमून द्यावी. नाहीतर बिल पाहून डोळे पांढरे होतात. शिवाय आपल्याकडील बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. अनेक ग्राहक एका पत्त्यामागे बसवलेले असतात. तेथे रिले चालतच नाही.

४

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. खोलीवर एक्झिट का नको?

एक्झिटमधून जी रहदारी बाहेर पडते ती जगाला एक्झिट चालवणाऱ्याच्या पत्त्यावरून आलेली दिसते. तीत चांगले असते तसे वाईटही असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. टॉरवर चालणारा सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार २०१३ साली अमेरिकी पोलिसांनी बंद पाडला. अशी उदाहरणे आणखी आहेत. गुन्हेगाराकडे चोरलेले संगणक आणि चोरलेले फोनही असतात, टॉर नसले तरी त्याचे अडत नाही, आणि छळ सोसणाऱ्या बाईकडे दुसरे काही नसते, असा माझा युक्तिवाद आहे. तो मला पटतो. पण दाराशी आलेल्या पोलिसाला तो पटेलच असे नाही.

२०१७ च्या एप्रिलमध्ये मॉस्को येथे गणिताच्या एका शिक्षकाला अटक झाली. तो घरून एक्झिट चालवत होता. कोणी तरी त्याच्या पत्त्यावरून बाहेर पडून हिंसेला चिथावणी देणारा मजकूर टाकला होता. तीन महिन्यांहून अधिक काळ तो कोठडीत राहिला, मग नजरकैदेत. आणि २०१८ साली त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील एक तरुण इतका सुदैवी ठरला नाही : २०१२ साली त्याच्या घरावर छापा पडला आणि २०१४ साली न्यायालयाने त्याला दोषी धरले. दोघांनीही केवळ पाकिटे पुढे पाठवली होती.

भारतात टॉर चालवू नये असा थेट कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने, जो केवळ दुसऱ्यांची माहिती वाहून नेतो त्याला काही अटींवर संरक्षण दिले आहे. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हे सर्व खरे. पण कलम न्यायालयात उभे राहते आणि पोलीस पहाटे दारात उभे राहतात. दोहोंच्या मध्ये जे महिने जातात ते कोणी काढायचे? लॅपटॉप जप्त झाला, घरमालकाने खोली सोडायला सांगितली, गावी बापाला कोणी तरी सांगितले की पोरगा पोलिसांत अडकला. वकील कोणाच्या ओळखीचा आहे?

येथे नवखा ह्या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक नवखा तंत्राला नवखा असतो. तो तीन महिन्यांत जाणता होतो. दुसरा नवखा व्यवस्थेला नवखा असतो : ज्याच्या मागे वकील नाही, संस्था नाही, वरिष्ठ अधिकारी असलेला मामा नाही. ज्याच्या आडनावावरून आणि पत्त्यावरून चौकशीचा सूर ठरतो. श्रीमंत देशातील एखाद्या प्राध्यापकाच्या मुलाने एक्झिट चालवला आणि आमच्या विद्यार्थ्याने चालवला, तर यंत्र तेच, आज्ञावली तीच. जोखीम मात्र एक नाही. टॉरच्या बाजूने लिहिणारे हे क्वचित सांगतात. घरून एक्झिट चालवू नये असा सल्ला टॉर प्रोजेक्टही देते. पण कोणाच्या घरून तो अधिक महाग पडेल, हे ज्याचे त्यालाच ओळखावे लागते.

५

मग काय करावे? मी त्या विद्यार्थ्याला पायऱ्या सांगितल्या, त्याच येथे देतो.

पहिली पायरी, टॉर ब्राउझर स्वतः वापरा. त्याच्या मर्यादा समजून घ्या. टॉरमधून आपल्या नावाच्या खात्यात शिरलात तर लपलात कोठे? आणि संगणकच परक्याच्या ताब्यात असेल तर टॉर काही करू शकत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्या होत्या, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेने २०२१ साली पुढे आलेल्या अहवालात काढला. तपास यंत्रणेने तो मानलेला नाही. निष्कर्षाचा वाद न्यायालयाचा. पण तशा हल्ल्यापासून टॉर वाचवत नाही, एवढे कार्यकर्त्यांनी मनाशी पक्के करावे.

दुसरी पायरी, स्नोफ्लेक. ब्राउझरला एक छोटी जोड लावायची. ब्राउझर उघडा असेल तोवर आपला संगणक अडवलेल्या देशातील एखाद्याला टॉरच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. संकेतस्थळांना आपला पत्ता दिसत नाही, कारण रहदारी आपल्याकडून बाहेर पडत नाही, टॉरमध्येच जाते. सार्वजनिक पत्ता बहुधा लागत नाही, पैसे लागत नाहीत, बंद केले तरी कोणाचे मोठे अडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियात टॉर अडवले गेले तेव्हा आणि २०२२ च्या सप्टेंबरात इराणमध्ये स्त्रियांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला तेव्हा, ह्याचा वापर एकाएकी वाढला. नवख्याने येथून सुरुवात करावी, आजच करावी.

तिसरी पायरी, ब्रिज. सेकंदाला १ मेगाबिटवरही तो चालतो. त्याचा पत्ता जाहीर यादीत नसतो. येथे सर्व्हर राखण्याची सवय लागते, आणि चूक झाली तरी तिचा पसारा लहान राहतो.

चौथी पायरी, मधला रिले. पण भाड्याच्या सर्व्हरवर. मधल्या रिलेतून बाहेर काही पडत नाही, म्हणून तक्रारी सहसा येत नाहीत. मात्र त्याचा पत्ता जाहीर असतो, आणि काही संकेतस्थळे अशा सर्वच पत्त्यांना दार बंद करतात. घरच्या जोडणीवर चालवलात तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान उघडायचे नाही. भारतात सर्व्हर भाड्याने घेताना हेही ध्यानात असावे, की २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला ग्राहकाचे नाव, पत्ता आणि हेतू ह्यांची नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. तेव्हा हे काम लपूनछपून होत नाही. उघड नावाने, उघड हेतूने करायचे.

पाचवी पायरी, एक्झिट. आणि ती एकट्याने चढायची नाही.

हे ऐकून विद्यार्थी म्हणाला, "सर, सगळे असेच म्हणाले तर एक्झिट चालवणार कोण? एक्झिट नसेल तर बाकीचे टपालवाले काय कामाचे?" प्रश्न बिनतोड होता. ह्याचे उत्तर मला अमेरिकेतील एका छोट्या ग्रंथालयात सापडते. न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन ह्या गावच्या किल्टन ग्रंथालयाने २०१५ च्या उन्हाळ्यात टॉरचा रिले सुरू केला. आधी मधला, पुढे एक्झिट, असा बेत होता. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांपर्यंत सूचना गेली, पोलीस ग्रंथालयात आले, आणि रिले थांबवला गेला. मग १५ सप्टेंबरला ग्रंथालयाच्या विश्वस्तांची उघड बैठक झाली, गावकरी आले, बोलले. आणि रिले पुन्हा सुरू करायचे ठरले. ह्यात शौर्य कोणा एकट्याचे नव्हते. नाव संस्थेचे होते, ठराव विश्वस्तांचा होता, आवाज गावाचा होता. एकट्या तरुणावर जो दाब पडला असता तो वाटला गेला.

म्हणजे एक्झिट चालवायचा तो आपल्या महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी, नोंदणीकृत संस्थांनी. वकिलाचा सल्ला घेऊन, सर्व्हर पुरवणाऱ्याला आधी लेखी कळवून, तक्रारींना उत्तर देणारा माणूस नेमून. आज आपल्या किती संस्था हे करतील? माझ्या महाविद्यालयात मी हा विषय काढला तेव्हा उत्तर आले, "कशाला नसती उठाठेव?" ज्या साधनांचे आपण फक्त ग्राहक राहतो त्यांचे नियम दुसरे लिहितात, हे आपण राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवतो आणि स्टाफरूममध्ये विसरतो. ह्या बाबतीत नवख्याला दूर ठेवण्यापेक्षा जुन्यांना जागे करणे अधिक गरजेचे आहे.

त्या विद्यार्थ्याने खोलीवर एक्झिट चालवला नाही. त्याच्या लॅपटॉपवर स्नोफ्लेक चालते. गेल्या दिवाळीपासून चार विद्यार्थी आणि मी मिळून एक ब्रिज चालवतो. खर्च पाच जणांत वाटला आहे, आणि प्रत्येक रविवारी एकाची पाळी असते. पाळी चुकली तर बाकीच्या चौघांना कळते. माझ्या एकट्याच्या रिलेला हीच गोष्ट कमी पडली होती. ज्यांना ह्यात पाऊल टाकायचे असेल त्यांनी सर्व्हर शोधण्याआधी असे चार साथीदार शोधावेत.